मुलाखतींचं वे-बिल

शुक्रवारी संध्याकाळी पावणेसातला मेल आली. मंगळवारी सकाळी साडेआठला हैदराबादला मुलाखतीसाठी हजर राहा, मूळ कागदपत्रं सोबत आणा, प्रवासखर्च दिला जाणार नाही. मी इमर्जन्सीत होते, समोर डोळ्यात वेल्डिंगची ठिणगी गेलेला माणूस बसला होता, आणि माझ्या खात्यात होते २३,४०० रुपये. पीजीनंतर सक्तीनं करायच्या, बॉन्डच्या नोकरीला लागून दोन महिने झाले तरी पहिला पगार आला नव्हता. फाइल कुठल्या टेबलावर अडली आहे, याचं उत्तर रोज नवीन मिळायचं.

ही गोष्ट २०२५ च्या ऑगस्टमधली. जूनमध्ये एमएस संपलं होतं, विषय डोळे. आता कॉर्नियाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची, फेलोशिप करायची होती. घरी हे समजावताना माझी दमछाक झाली. आईचं म्हणणं, एवढं शिकलीस, आता मुलाखत कसली? तिचंही बरोबर होतं. नीट-पीजीला मुलाखत नसते. रँक लागली की ऑनलाइन पसंतीक्रम भरायचा, सीट मिळते, तुमचं तोंड कुणी पाहत नाही. फेलोशिपचं तसं नाही. एफएनबी, म्हणजे नॅशनल बोर्डाच्या फेलोशिपसारख्या अभ्यासक्रमाला सामायिक परीक्षा असते, पण डोळ्यांच्या मोठ्या संस्था आपापली परीक्षा आणि मुलाखत घेऊन माणसं निवडतात. आणि या संस्था बहुतेक दक्षिणेत. मदुराईचं अरविंद १९७६ साली अकरा खाटांवर सुरू झालं, चेन्नईचं शंकर नेत्रालय १९७८ चं, हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद १९८७ चं. हात बसवायचा तर रोज भरपूर डोळे हाताखालून जावे लागतात, म्हणून आम्ही सगळे गाडी पकडून तिकडे पळतो. मी या तीन गावांत नेमकी कुठं कुठं मुलाखत दिली ते इथं लिहीत नाही. गावात इतरही नेत्ररुग्णालयं आहेत आणि जग लहान आहे.

तर हैदराबाद. सीएसएमटीहून रात्री हुसेनसागर सुटते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचते. म्हणजे मंगळवारी सकाळच्या मुलाखतीसाठी रविवारी रात्रीच निघायला हवं. रविवारचं वेटिंग पाहिलं आणि फोन खिशात ठेवला. उरला तत्काळ. एसीचा तत्काळ आदल्या दिवशी सकाळी दहाला उघडतो, आणि शनिवारी दहाला मी ऑपरेशन थिएटरात हात धुऊन उभी असणार होते. को-रेसिडेंटला माझा आयआरसीटीसीचा पासवर्ड देऊन ठेवला. दहा वाजून दोन मिनिटांनी सर्क्युलेटिंग नर्सनं माझा फोन कानाशी धरला. ‘अगं, तुझं आधार जोडलेलंच नाहीये. घेतच नाही.’ जुलैपासून नियम बदलला होता, आधार पडताळलेल्या खात्यालाच ऑनलाइन तत्काळ मिळतो. मी पेपरमध्ये वाचलंही होतं. वाचणं आणि करणं यात जेवढं अंतर असतं, तेवढं अंतर मी मग विमानानं कापलं.

सोमवारी संध्याकाळचं जाणं ६,८५०. मंगळवारी रात्रीचं येणं ५,२००. परळहून टी-टूला, म्हणजे मुंबई विमानतळाच्या टर्मिनल दोनला, कॅब ४८०, पाऊस होता आणि मला धीर नव्हता. हैदराबादचा विमानतळ शमशाबादला, गावापासून तीसेक किलोमीटर. रात्री दहाला बाहेर पडले आणि पहिली दिसली ती कॅब केली, ९५०. हॉटेल २,३००. परत येताना शहाणपण आलं, पुष्पक बसनं ३०० त काम झालं. पण मुंबईत उतरले तेव्हा मध्यरात्र उलटली होती, परळपर्यंत पुन्हा ६२०. खाणं ५४०, झेरॉक्स आणि फोटो ३१०, अर्जाची फी आधीच भरलेली २,०००.

मुलाखत अकरा मिनिटं चालली. मी घड्याळ पाहिलं होतं, मुद्दाम नाही, ते त्यांच्या डोक्यावरच्या भिंतीवर होतं. लॉगबुकमध्ये स्वतंत्रपणे केलेल्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांत एसआयसीएस किती, फेको किती, कॉर्नियाच का, आणि बॉन्ड कधी संपतो. शेवटच्या प्रश्नाला मी पुढच्या वर्षीचा महिना सांगितला. बाईंनी शेजारच्या सरांकडे पाहिलं आणि पेनाचं टोपण लावलं. त्यांना सहा महिन्यांत रुजू होणारा माणूस हवा होता.

हे एक वाक्य मी अर्ज करतानाच विचारायला हवं होतं. महाराष्ट्रात पीजी झालेल्याला एक वर्ष बॉन्ड करावा लागतो, मोडला तर पन्नास लाख. तो मोडून कुणी फेलोशिपला जात नाही, आमच्या घरचा तर प्रश्नच नाही. त्यानंतर मी प्रत्येक ठिकाणी फी भरण्याआधी दोन ओळींची मेल टाकायला लागले: बॉन्ड अमुक तारखेला संपतो, त्याआधी रुजू होता येणार नाही, अर्ज करू का? दोन ठिकाणांहून ‘नको’ असं सरळ उत्तर आलं. त्या दोन मेलनी माझे किती पैसे वाचवले ते मोजायचं मी टाळलं आहे, हैदराबादची आठवण होते.

त्या रविवारी कळव्याला घरी गेले तेव्हा बाबांनी विचारलं, ‘किती लागले?’ मी म्हटलं, बारा-तेरा हजार असतील. बाबा बेस्टमध्ये कंडक्टर होते, सव्वीस वर्षं. त्यांना ‘असतील’ हा शब्द चालत नाही. वही काढली, माझा फोन घेतला आणि यूपीआयच्या नोंदी एकेक वाचायला लावल्या. बेरीज झाली १९,५५०.

‘अकरा मिनिटांचे?’

‘हो.’

त्यांनी वहीच्या कडेला भागाकार केला. ‘मिनिटाला पावणेअठराशे.’ मग चहा प्यायले आणि पुढं काही बोलले नाहीत. ते जास्त लागलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मशीन येण्याआधी कंडक्टरकडं वे-बिल असायचं. डेपोतून निघताना प्रत्येक दराच्या तिकिटाचा सुरुवातीचा नंबर लिहायचा, प्रत्येक ट्रिप संपली की तेव्हाचा नंबर लिहायचा. वजाबाकी करायची, दराशी गुणायचं आणि तेवढी रोकड पिशवीत असली पाहिजे. कमी भरली तर ‘शॉर्ट’, आणि शॉर्ट स्वतःच्या खिशातून. बाबांचा मुद्दा हा होता की मी दिवसाचा हिशेब ठेवत होते, ट्रिपचा नाही. ‘दिवसाच्या शेवटी पिशवी मोजून काय उपयोग? कुठल्या ट्रिपला गळलं ते कसं कळणार?’ त्यांनी वहीत प्रत्येक गावाला एक पान दिलं. वर तारीख, आणि पहिली ओळ तिकिटाची नाही. पहिली ओळ, ‘परत न येणारे’. म्हणजे अर्जाची फी, डीडीचं कमिशन, कुरिअर. शेवटची ओळ, ‘तारीख फिरली तर’. त्या ओळीत आधीच आकडा लिहून ठेवायचा, आणि तो जड वाटला तर निघायचंच नाही.

मला हे आधी कंडक्टरी वाटलं. नंतर लक्षात आलं, माझे निम्म्याहून जास्त पैसे अंतरापायी नाही, घाईपायी गेले होते. हैदराबाद रेल्वेनं आठशे किलोमीटरच्या आत आहे. हुसेनसागरचं थर्ड एसी मला साडेअकराशेच्या आसपास पडलं असतं. वरचे सगळे पैसे तीन दिवस आधी कळण्याचे.

पैसे कुठून आणायचे हाही प्रश्न होताच. आईची भिशी सप्टेंबरात लागणार होती. तिनं त्यातून गाद्या भरून घ्यायचं ठरवलं होतं. ‘गाद्या दिवाळीनंतर,’ म्हणाली, आणि विषय संपवला. शिवाय दोन बरे कपडे आणि बूट घेतले, ३,४०० रुपये. बाबांनी त्याला वेगळं पान दिलं, कारण ते ‘सगळ्या ट्रिपांचं’ होतं.

चेन्नई आणि मदुराई मी एका फेरीत बसवली. हे आपोआप जमलं नाही. चेन्नईहून गुरुवारची तारीख आली होती, मदुराईनं तीन तारखांचा पर्याय दिला होता. मी मदुराईच्या ऑफिसला फोन करून शुक्रवार मागितला, कारणासह. फोनवरच्या बाई म्हणाल्या, ‘सगळे हेच मागतात, देते.’ लोक तारीख मागायला लाजतात. मीही लाजले असते, पण वहीत मदुराईच्या पानावर वेगळ्या फेरीचा अंदाज लिहिलेला होता आणि तो आकडा लाजेपेक्षा मोठा होता.

मंगळवारी सीएसएमटीहून चेन्नईची गाडी, थर्ड एसी १,६४०. आता रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, पूर्वी एकशेवीस असायचं. मुलाखतीच्या हिशेबानं साठही खूप झाले. बुधवारी पोहोचले, एग्मोरला केनेट लेनमध्ये लॉजवर एक रात्र, १,१५०. लॉज एग्मोरला घेण्याचं कारण पांडियन एक्स्प्रेस. ती एग्मोरहून रात्री पावणेदहाच्या सुमाराला सुटते आणि पहाटे मदुराईला सोडते. म्हणजे गुरुवारी मुलाखत द्यायची, सामान उचलायचं, गाडीत झोपायचं. एक मुक्काम वाचला. ८४५ रुपयांत प्रवासही आणि खाटही.

चेन्नईच्या मुलाखतीबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. चार जण होते, सभ्य होते, एक केस दिली, मी ती अर्धी बरोबर सोडवली.

मदुराईची पहाट मात्र लिहायची आहे. पांडियन पावणेसहाच्या आत लागली. मुलाखत नऊला. हॉटेलला तीन तासांसाठी पूर्ण दिवसाचे पैसे द्यायचे नव्हते, म्हणून स्टेशनवरच्या महिला प्रतीक्षालयात आंघोळ केली आणि साडी नेसायला घेतली. आईची इरकल, गडद हिरवी. आरसा हातभर, त्यावर कुणीतरी टिकल्या चिकटवलेल्या. निऱ्या काही जमेनात, सहावारी असून मी त्या चारच घालत होते आणि उरलेलं कापड कमरेत कोंबत होते. तिथल्या अटेंडंट बाई बराच वेळ बघत होत्या. शेवटी उठल्या, काही न विचारता माझ्या हातातून पदर घेतला, सगळं सोडवलं आणि पुन्हा पहिल्यापासून नेसवलं. निऱ्या बोटांवर मोजत होत्या, मोजणी तमिळमध्ये, सातपर्यंत. पिन तोंडात धरलेली. बांधून झाल्यावर दोन पावलं मागं गेल्या, पाहिलं, मान हलवली. मला तमिळ येत नाही, त्यांना हिंदी येत नव्हतं. मी पन्नासची नोट काढली तर त्यांनी ती माझ्या मुठीत परत दाबली आणि दाराबाहेर बोट दाखवलं. बाहेर एक म्हातारी मोगऱ्याची माळ विकत होती. वीस रुपयांची हातभर माळ घेतली. बाईंनीच ती माळली.

वहीत त्या पानावर ‘गजरा २०’ अशी ओळ आहे. बाबांनी त्यापुढं काही लिहिलेलं नाही, रबरी शिक्क्यासारखी टिकमार्क केली आहे.

मुलाखतीत त्यांनी मला स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकावर, बसवलं आणि एक पेशंट तपासायला लावला. असं होऊ शकतं हे सीनियरनं सांगितलं होतं, म्हणून मी डोळ्याचा मागचा पडदा पाहायची नव्वद डायॉप्टरची स्वतःची लेन्स नेली होती, मोज्यात गुंडाळून, केबिन बॅगेत. बॅगेत दुसरी किमती गोष्ट म्हणजे कागद. पीजीला प्रवेश घेताना मूळ प्रमाणपत्रं कॉलेजात जमा होतात, आणि ती दोन दिवसांसाठी परत मिळवायला मला एका खिडकीवर चार फेऱ्या आणि एक हमीपत्र लागलं. ज्यांच्या मुलाखती जवळ आहेत त्यांनी हे काम तिकिटाच्याही आधी करावं. मूळ कागदांऐवजी कॉलेजचं बोनाफाइड चालेल का, हेही मेलमध्येच विचारून घ्यावं, पुष्कळ ठिकाणी चालतं.

परतीला विमान घेतलं, ५,९००, कारण शनिवारी रात्री माझी ऑन-कॉल होती. हे तिकीट तीन आठवडे आधी काढलेलं. टी-टूवरून या वेळी मेट्रो तीननं दादरला आले, पन्नास रुपयांत. ऑगस्टमध्येही ही मेट्रो दादरपर्यंत सुरू होती, पण मला सुचलं नव्हतं. फक्त विमान रात्री उशिराचं घेऊ नये, मेट्रो रात्रभर चालत नाही. दोन मुलाखतींची ही फेरी फी, झेरॉक्स, रिक्षा, चार दिवसांचं खाणं, गजरा सगळं धरून १३,८१५ ला पडली.

वहीत न बसलेला खर्च ड्युट्यांचा. आमच्यात पैशापेक्षा ड्युटी जास्त जपून उधार देतात. मंगळवार ते शुक्रवार मी नव्हते, त्यासाठी तीन जणांनी माझ्या जागी उभं राहायचं होतं. त्या बदल्यात पाडव्याची चोवीस तासांची ड्युटी मी घेतली, आणखी दोन रविवारही दिले. पाडव्याला फटाक्यांनी भाजलेले डोळे येतात हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून त्या ड्युटीचा भाव चढा. आईनं ओवाळणीचं ताट झाकून ठेवलं होतं, मी गेले दुसऱ्या दिवशी भाऊबीजेला, दोन्ही एकदम उरकलं.

होस्टेलमधली माझी मैत्रीण याच दिवसांत अमेरिकेच्या रेसिडेन्सीच्या, म्हणजे तिथल्या पीजीच्या, मागं होती. तिचा खर्च ऐकून मला माझा बरा वाटायचा. तिथं करोनाच्या साथीत, २०२० पासून मुलाखती व्हिडिओवर सुरू झाल्या आणि बहुतांश तशाच राहिल्या. त्याआधी आमच्या सीनियरना स्टेप टू सीएस या परीक्षेसाठीही अमेरिकेला जावं लागायचं. ती परीक्षा फक्त पाच शहरांत व्हायची आणि २०२१ मध्ये कायमची बंद झाली. तेव्हा लोक कर्ज काढून जात आणि हिवाळाभर कुणाच्या तरी सोफ्यावर झोपून बसनं गावोगाव मुलाखती देत. मैत्रिणीचं विमान वाचलं, पण तोच पैसा अर्जांत गेला, कारण प्रवास नाही म्हटल्यावर प्रत्येक जण शेकड्यानं अर्ज करतो. तिच्या मुलाखती आपल्या रात्री. तिथली सकाळची नऊची वेळ म्हणजे न्यूयॉर्कच्या हिवाळ्यातल्या घड्याळानं आपले संध्याकाळचे साडेसात. वर ब्लेझर, खाली पायजमा, दाराला ‘मुलाखत चालू आहे, भांडू नका’ अशी चिठ्ठी. राउटरसाठी तिनं छोटा यूपीएस घेतला, तेवढाच तिचा ‘प्रवासखर्च’.

पुणं ७६० रुपयांत झालं. सकाळची इंद्रायणी, परत येताना शिवनेरी, फी नव्हती. जागा माझ्यासाठी नव्हती हे दारातच कळलं, आधीपासून तिथंच काम करणारा मुलगा सगळ्यांना पाणी देत होता आणि सगळे त्याला नावानं हाक मारत होते. साडेसातशे रुपयांत एवढं कळलं, माझी तक्रार नाही.

दिल्लीला गेलेच नाही. राजधानीची दोन्ही तिकिटं काढली होती, एकेक ३,१०० च्या घरात. दोन दिवसांहून कमी वेळ उरला असताना तारीख पुढं ढकलल्याची मेल आली. जाण्याच्या तिकिटातून पंचवीस टक्के कापले गेले, ७७५. कन्फर्म तिकीट अठ्ठेचाळीस ते बारा तासांच्या मधे रद्द केलं की तेव्हा तेवढे जायचे. येण्याचं तिकीट अठ्ठेचाळीस तासांच्या आधीचं होतं म्हणून १८० आणि वर जीएसटी, एकशेनव्वदात सुटलं. तत्काळ असतं तर कन्फर्म तिकिटाचा एक रुपया परत नसता. फीचे १,१८० तर ‘परत न येणारे’. एकूण २,१४५. नव्या तारखेला जायचं का, यावर दोन दिवस डोकं खाल्लं. मग ऑफिसला फोन केला: जागा किती, बोलावलेत किती? जागा एक, बोलावलेले अडतीस. बाबांना सांगितलं. ते म्हणाले, ‘वही तुझ्याकडंच आहे.’ मी दिल्लीचं पान तिथंच बंद केलं. आजही अधूनमधून वाटतं, जायला हवं होतं. पण महिन्याच्या शेवटी नाही वाटत.

एक गोष्ट चुकलीच, ती हैदराबादच्या हॉटेलची. एमबीबीएसची माझी बॅचमेट तिथून दोन किलोमीटरवर राहते. तिला नंतर कळलं तेव्हा ती खरोखर चिडली. परळला टाटाच्या मुलाखतीला बाहेरगावाहून येणारी किती तरी मुलं आमच्या होस्टेलमध्ये नाइट ड्युटीवाल्याच्या रिकाम्या खाटेवर झोपून जातात, कुणाला त्यात काही वाटत नाही. घेताना मात्र मला संकोच वाटला, त्याची किंमत २,३०० रुपये.

निकाल नोव्हेंबरच्या अखेरीस आला. चेन्नई-मदुराई या दोनपैकी एका ठिकाणी वेटिंग लिस्टवर दुसरी होते, ती पुढं सरकली. बॉन्ड संपला की रुजू व्हायचं.

त्या रविवारी बाबांनी सगळी पानं मिळवली. हैदराबाद १९,५५०, चेन्नई-मदुराई १३,८१५, पुणं ७६०, दिल्ली २,१४५, कपडे आणि बूट ३,४००. एकूण ३९,६७०. खात्यातून आणि भिशीच्या पैशांतून मिळून गेलेले, ३९,८९०.

‘दोनशेवीस शॉर्ट,’ बाबा म्हणाले.

मी म्हटलं, चहाबिहा असेल, कुठं लिहायचं राहिलं असेल. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, ‘शॉर्ट २२०, कंडक्टरकडून वसूल’ असं लाल पेनानं लिहिलं आणि हात पुढं केला. आई आतून म्हणाली, ते भिशीच्या डब्यात टाका.

जीपे करू का विचारलं, तर म्हणाले, ‘सुट्टे दे.’